अक्काचं ऑपरेशन आणि माझं

नांदेडहून लातूरला जाताना लोह्यापर्यंत मी स्लीव्ह ऑपरेशनच्या बाजूने असते. अहमदपूर आलं की शंका सुरू होतात, आणि चाकूर मागे पडेपर्यंत बायपासशिवाय दुसरं काही करण्यात अर्थ नाही असं वाटायला लागतं. लातूरच्या स्टँडवर उतरते तेव्हा दोन्ही नकोसं झालेलं असतं. परतीच्या गाडीत हेच सगळं उलट्या क्रमाने. पुस्तक उघडते, दोन पानं वाचते, कुठपर्यंत वाचलं ते आठवत नाही, परत मिटते. मांडीवर फाईल असते. ती फाईल आता मला पाठ आहे.

मी नांदेडच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. वय सेहेचाळीस. लग्न केलं नाही. वजन एकशे एकोणीस किलो. हा आकडा मी कागदावर सहज लिहू शकते, तोंडाने सांगायला मात्र अजून जड जातं. एस.टी.त दोघांच्या सीटवर मी खिडकीशी बसले की चढणारा माणूस आधी सीटकडे बघतो, मग माझ्याकडे, आणि मागे सरकतो. त्याचा मला आता राग येत नाही. मीसुद्धा तेच केलं असतं.

हे अंग आमच्या आईकडचं. आई तशी, मावशी तशी, आणि आम्ही दोघी बहिणीही तशाच. अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. ती लातूरला दिलेली, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. वर्गात ती उभी राहिली की फळा झाकला जातो असं पोरं म्हणायची, आणि हे तीच हसत हसत सगळ्यांना सांगायची. मला असं हसता आलं नाही कधी. मी पुस्तकांच्या कपाटांमागे राहिले. तिथे अंग दिसत नाही.

दोन वर्षांपूर्वी अक्काच मला ओढून लातूरच्या, वजन उतरवायची ऑपरेशनं करणाऱ्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. तिला जिना चढताना धाप लागायची, गुडघे गेलेले. मला शुगर नुकतीच निघाली होती, गोळ्या चालू होत्या. डॉक्टर मध्यम वयाचे, आवाज बारीक. त्यांनी एका पाठकोऱ्या कागदावर दोन चित्रं काढली.

पहिलं स्लीव्ह. पोटाच्या पिशवीचा मोठा भाग उभा कापून काढून टाकायचा, केळ्याएवढी नळी शिल्लक ठेवायची. बाकी आतली रचना आहे तशीच. दुसरं बायपास. पोटाच्या वरच्या टोकाला एक लहानशी पिशवी वेगळी करायची आणि लहान आतडं वर आणून तिला जोडायचं. अन्न जुन्या पोटातून आणि आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून जातच नाही.

“केळ्याएवढी म्हंजे कुठलं केळं?” अक्का म्हणाली. “अर्धापूरचं म्हणत असाल तर लई मोठं झालं, साहेब. काही फरक न्हाई पडायचा मला.”

डॉक्टर हसले. ते पुढे बायपासचं सांगायला लागले तर अक्काने हात वर केला, वर्गातल्या पोरासारखा.

“बायपास मला नको. आमच्या गावाबाहेरून बायपास काढला तर स्टँडवरची सगळी हॉटेलं बसली. माणूस गावात उतरंनाच. माझ्या पोटाचं तसं करू नका. लहान करा, पण रस्ता तोच ऱ्हाऊ द्या.”

मी चित्रांचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. मला वाचायचं होतं.

बाहेर रसवंतीत बसून आम्ही एक गोष्ट ठरवली, आणि आज मागे वळून पाहताना मला त्या ठरवण्याचाच सगळ्यात जास्त राग येतो. दोघींनी एकच ऑपरेशन करायचं, एकाच आठवड्यात. लहानपणी आई एकाच ताग्यातून दोघींचे फ्रॉक शिवायची; तसंच हे. पथ्य एक, गोळ्या एक, एकीला उलटी झाली तर दुसरीला कळेल का झाली ते. अक्का म्हणाली, “आणि एक मेली तर दुसरी पळून जाईल टेबलावरून.” मी तिला मारायला हात उचलला होता.

मग मी वाचायला बसले. ग्रंथपालाला वाचायला सांगू नये. मी माहितीपत्रकं जमवली, ओळखीच्या दोन डॉक्टरांना विचारलं, ऑपरेशन झालेल्या माणसांचे अनुभव वाचले. फाईलला रंगीत चिठ्ठ्या लावल्या. शुगर असेल तर बायपास बरं. स्लीव्हने छातीतली जळजळ वाढू शकते. बायपासनंतर मात्र जन्मभर जीवनसत्त्वांच्या, लोहाच्या, कॅल्शियमच्या गोळ्या, आणि दुखण्याच्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत. अक्काचे गुडघे तर त्याच गोळ्यांवर चालत होते. तरी मी तिला बायपासचंच पटवत राहिले, कारण माझ्या शुगरला ते बरं होतं आणि दोघींचं एकच ठरलं होतं. दर रविवारी फोन.

“काय वाचून रायलीस अजून?” ती विचारायची.

“अक्का, हे परत फिरवता येत नाही. कापलेलं पोट परत येत नाही.”

“नाही येत तर नाही येत. मला कुठं ते परत पाहिजे?”

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत डॉक्टरांनी तिला तारीख दिली होती, स्लीव्हची. मी म्हणाले, उन्हाळ्यापर्यंत थांब, माझं नक्की होऊ दे. ती थांबली. जानेवारीत एक दिवस शाळेतून आली, चप्पल काढता काढता दारातच बसली. दाजी पाणी आणायला आत गेले. ते बाहेर येईपर्यंत संपलेलं होतं. हार्ट, असं म्हणाले.

ऑपरेशन झालं असतं तर ती वाचली असती का, हे मी त्या डॉक्टरांना नंतर विचारलं. ते म्हणाले, असं कुणीच सांगू शकत नाही. हे उत्तर खरं आहे हे मला कळतं. पण खऱ्या उत्तराने झोप येत नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्यांच्यासमोर जाऊन सांगितलं, माझं ठरलं आहे. स्लीव्ह. अक्काला जे पाहिजे होतं ते. वादात मी दीड वर्ष घालवलं होतं. आता तिचं म्हणणं मान्य करणं एवढंच माझ्या हातात उरलं होतं. बायपास करून घेतलं तर मी मेलेल्या माणसाशी वाद जिंकल्यासारखं होईल असं मला वाटत होतं. हे मी डॉक्टरांना सांगितलं नाही. मी सांगितलं की मला गोड फारसं लागत नाही आणि जळजळही कधीतरीच होते, तेव्हा स्लीव्ह पुरे.

डॉक्टर म्हणाले, आधी दुर्बिणीने पोट बघू. आणि पुढच्या तपासणीपर्यंत जे जे खाल ते सगळं वहीत लिहा, आमच्या आहारतज्ज्ञ मॅडम बघतील.

वही लिहायचं काम मला आवडलं. तारीख, वेळ, पदार्थ, किती. ज्वारीची भाकरी एक. वरण एक वाटी. दोडक्याची भाजी. चहा बिनसाखरेचा. माझ्या नोंदवहीत खाडाखोड नसते, इथेही नव्हती.

याच महिन्यांत माझी दुखवट्याची बोलावणी चालू होती. आमच्या आजोबांच्या पिढीने धम्म घेतला तेव्हा जुन्या बऱ्याच गोष्टी घराबाहेर टाकल्या. अक्काचंही त्रिसरण-पंचशील झालं, पुण्यानुमोदन झालं, बाकी कर्मकांड काही नाही. पण दुखवट्याचं जेवण कुणी सोडलेलं नाही. ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याला नातेवाइकांनी आपल्या घरी बोलवायचं, पोटभर जेवू घालायचं, जाताना कापड द्यायचं. म्हणजे त्याने परत खायला लागावं, जगायला लागावं. आई-वडील नाहीत, अक्काच्या पाठची मी एकटीच. त्यामुळे माहेरकडची सगळी बोलावणी माझ्या वाट्याला आली. अर्धापूरला मामाकडे. हिमायतनगरला चुलत आत्याकडे. नांदेडातच तीन घरं. आणि या ताटाला नाही म्हणता येत नाही.

आत्याकडे मी नाही म्हणून पाहिलं होतं. पुरणपोळी दोन झाल्या होत्या, तिसरी आली. वर तुपाची धार, शेजारी वाटीभर खीर.

“आत्या, बास. मला डॉक्टरांनी…”

“तुला कोण वाढून राहिलंय?” आत्या म्हणाली. “मी तिला वाढायलेय. तिला पुरणाची लई आवड. तू फक्त तोंड लाव.”

मी खाल्लं. तिथे बसलेल्या सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या आणि मी घास घेतला की त्यांचे चेहरे सैल व्हायचे. संध्याकाळी नांदेडला परत आले, वही काढली. दुपारच्या रकान्यात लिहिलं, “बाहेर”. त्यापुढे काही नाही. रात्री दूध अर्धा कप, असं लिहून वही मिटली. मी काही लपवत होते असं मला त्या वेळी अजिबात वाटलं नाही. मी खोटं लिहीत नाही. ते जेवण माझं नव्हतं, एवढंच.

ऑगस्टमध्ये तपासणीला लातूरला गेले तेव्हा भाची बरोबर होती. अक्काची मुलगी, बावीस वर्षांची, आईसारखीच बोलते. आहारतज्ज्ञ मॅडम तिच्याहून चार-पाच वर्षांनीच मोठ्या असतील. त्यांनी वही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. इतकी नीट वही कुणी आणत नाही म्हणाल्या. मला बरं वाटलं.

“पण मॅडम, या वहीप्रमाणे तुमचं वजन दोन किलो तरी उतरायला पाहिजे होतं. ते तीन किलो चढलंय. शुगरपण चढलीय.”

मी वही परत घ्यायला हात पुढे केला.

“हे ‘बाहेर’ पाच वेळा आहे. तिथं काय जेवलात?”

“दुखवट्याचं होतं.”

“हो, पण काय होतं?”

“ते… बहिणीच्या नावाचं होतं,” मी म्हणाले. म्हणताना मला पहिल्यांदा ऐकू आलं मी काय म्हणतेय ते.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्या हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. त्या म्हणाल्या, “मी उदगीरची. आमच्याकडंही हाय हे. माझे वडील गेले तेव्हा आईला असंच घरोघरी घालत होते. पण मॅडम, ज्याच्या नावानं जेवलं त्याच्या पोटात जात नाही ना ते. ते तुमच्या रक्तात आलंय, हे बघा रिपोर्ट.”

त्यांनी कोरा कागद दिला आणि पाचही जेवणं लिहायला सांगितली. मी लिहायला लागले. पुरणपोळी तीन. खीर दोन वाट्या. बुंदीचे लाडू. गुलाबजाम, नांदेडच्या मावसबहिणीकडे, किती ते आठवेना. मामाकडे शिरा, आणि वर चार केळी, कारण मामाच्या शेतातली. पान भरत आलं. भाची वाकून बघत होती.

“मावशे,” ती म्हणाली, “तू तर आईपेक्षा जास्त गोड खातीस की.”

डॉक्टरांकडे गेलो तेव्हा दुर्बिणीचा रिपोर्ट त्यांच्यासमोर होता. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला सूज आहे, आम्ल वर येतंय. त्यांनी विचारलं, “जळजळ कधीतरी होते म्हणाला होतात. म्हणजे किती?”

“कधीतरी,” मी म्हणाले.

“सर, ती तीन उशा लावून झोपती,” भाची म्हणाली. “आमच्या घरी आली की आधी उशा गोळा करती. आडवी झाली की घशाशी येतं तिच्या.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे.

“हे बघा,” ते म्हणाले, “स्लीव्ह केली तर ही जळजळ वाढण्याची शक्यता जास्त. शुगर आहे, गोड खाणं आहे. तुमच्या जागी मी असतो तर बायपास करून घेतलं असतं. मात्र गोळ्या जन्मभर, आणि रक्त दर वर्षी तपासायचं. त्यात कंटाळा चालणार नाही. तुमच्या बहिणीला स्लीव्ह योग्य होती. त्यांना शुगर नव्हती, जळजळ नव्हती, गुडघ्याच्या गोळ्या चालू होत्या. तुमचं शरीर वेगळं आहे.”

तुमचं शरीर वेगळं आहे. सेहेचाळीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आई, मावशी, अक्का, मी, सगळ्या एका साच्याच्या, असंच ऐकत आले होते. आणि याचा अर्थ असाही होता की दीड वर्ष मी अक्काला जे पटवत होते ते तिच्यासाठी चुकीचं होतं. तिचं तिच्यापुरतं बरोबर होतं. माझं माझ्यापुरतं बरोबर होतं. वाद नव्हताच. तिने तिची तारीख घ्यायला हवी होती, मी माझी. मी दोघींना एका दोरीत बांधून थांबवून ठेवलं होतं.

“विचार करून सांगते,” मी म्हणाले. सवयीचं वाक्य.

“घाई नाही,” डॉक्टर म्हणाले. “दिवाळीच्या सुट्टीत या हवं तर.”

आम्ही बाहेर आलो. दवाखान्यासमोर चहाची टपरी आहे, तिथल्या बाकावर मी बसले नाही, कारण तो बाक एकदा माझ्याखाली वाजला होता. उभ्यानेच चहा घेतला. मी भाचीला सांगायला लागले की अजून एक प्रकार असतो, मिनी बायपास म्हणतात, एकच जोड असतो, त्याबद्दल मी थोडं वाचलं आहे, नीट वाचायला लागेल, नांदेडला गेले की…

“मावशे, बास,” ती म्हणाली.

ती चिडली होती. मी तिला असं चिडलेलं आईच्या मातीलाही पाहिलं नव्हतं.

“तुला वाटतं आई तुझ्या फाईलमुळं थांबली? तिनं ती फाईल वाचली बी नव्हती. तू पाठवलेलं सगळं ती बिनवाचताच पुढं ढकलायची. दाजींना म्हणायची,” आपल्या वडिलांना ती लहानपणापासून माझ्यासारखंच दाजी म्हणते, “दाजींना म्हणायची, धाकटीला टेबलावर एकटीनं पडायची भीती वाटतीय. ती तसं बोलायची न्हाई कधी. वाचत बसंल. मी आधी उरकून घेतलं तर ती जन्मात जायची न्हाई. म्हणून थांबून रायली ती. दाजी भांडले तिच्याशी. तिनं ऐकलं न्हाई.”

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, मग दुसरा. भाचीला वाटलं असावं की आपण जास्त बोललो, ती माझा कप घेऊन ठेवायला गेली आणि बराच वेळ टपरीवाल्याशी उगाच बोलत राहिली.

मला राग आला आधी. अक्काचा. तू मला विचारायचं होतंस. भीती वाटते का एवढंच विचारलं असतंस तर मी हो म्हणाले असते. पण नसते म्हणाले. मी म्हणाले असते, भीती कसली, फक्त माहिती अपुरी आहे. तिला हे माहीत होतं. मला ओळखून ती थांबली होती, आणि ते ओळखणं बरोबर होतं, आणि त्यातच तिचा जीव गेला की नाही हे कुणीच सांगू शकत नाही. माझे पाय एका जागी राहीनात. मी त्या टपरीपासून दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेले, परत आले, परत गेले. धाप लागली. अशी धाप अक्काला लागायची.

आता मी दिवाळीत आले तर पुन्हा थांबणं. दिवाळीत मी म्हणणार, उन्हाळ्यात. हे मला स्वच्छ दिसत होतं. आणि स्लीव्ह निवडली तर तेही अक्कासाठी नाही. तिच्या आड लपायला एक जागा, एवढंच. तिला माझ्याकडून तिचं ऑपरेशन नको होतं. तिला मी टेबलावर जायला हवी होते.

ओ.पी.डी. बंद व्हायला थोडाच वेळ होता. डॉक्टर टेबल आवरत होते. भाची माझ्या मागे दारात उभी राहिली.

“बायपास,” मी म्हणाले. “आणि दिवाळीत नको. या महिन्यातली तारीख द्या.”

त्यांनी माझ्याकडे, मग भाचीकडे पाहिलं. “विचार झाला?”

“दोन वर्षं झाला.”

“सोबत कोण राहील?”

“मी हाय,” भाची म्हणाली. “आणि दाजी हायत.”

डॉक्टरांनी डायरी उघडली. पान उलटलं, तारखेवर बोट ठेवलं. त्याआधी दोन आठवडे फक्त पातळ आहार, म्हणाले, ताक, वरणाचं पाणी, प्रोटीनची पावडर, बाहेरचं एकही ताट नाही. कुणाच्याही नावाचं नाही, असं ते म्हणाले नाहीत, पण आहारतज्ज्ञ मॅडमनी त्यांना सांगितलं असणार. मी मान हलवली. तरी उठले नाही. खुर्चीच्या दोन्ही हातांत मी घट्ट बसलेली होते आणि उठायचं म्हटलं तरी थोडा वेळ लागतोच, पण तेवढंच कारण नव्हतं.

“मला भीती वाटते,” मी म्हणाले.

बोलल्यावर आवाज आपला नसल्यासारखा वाटला. भाची दारातून आत आली, माझ्या शेजारी उभी राहिली.

“कशाची?” डॉक्टरांनी विचारलं. “भुलीची, ऑपरेशनची, की नंतरची?”

“सगळ्याचीच.”

त्यांनी आवरलेलं पेन परत खिशातून काढलं, बाहेरच्या माणसाला हाक मारून सांगितलं की दवाखाना अजून बंद करू नको, आणि कोरा कागद पुढे ओढला.

“मग एकेक सांगा,” ते म्हणाले. “आधी भुलीचं सांगा.”